रेवा ते बीई : विजेवरच्या गाडीने मिळवलेला विश्वास

बंगळूरच्या रस्त्यांवर २००१ साली 'रेवा' ही विजेवर चालणारी छोटी मोटार आली, त्याला यंदा पंचवीस वर्षे होत आहेत. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ती बनवणाऱ्या संस्थेची वाटचाल लिहिताना मोटर, बॅटरी आणि कारखाना यांच्याइतकाच विचार मी आणखी एका कामाचा केला आहे. ते काम म्हणजे ही गाडी लोकांपुढे ठेवण्याचे. तिचे नाव, तिची किंमत मांडण्याची रीत, तिच्या मर्यादा सांगण्याची पद्धत आणि लोकांच्या शंकांना दिलेली उत्तरे हे सारे त्यात येते. पेट्रोलची गाडी विकणाऱ्याला आपली गाडी शेजारच्या शोरूममधल्या गाडीपेक्षा सरस आहे एवढेच पटवायचे असते. या संस्थेला त्याच्याही कितीतरी आधीपासून सुरुवात करावी लागली. विजेवर चालते ती मोटारच आहे, तिच्यात बसून रोज कामावर जाता येते, हे आधी पटवायचे होते. पुढे मालकी बदलली, संस्थेचे नाव बदलले, गाड्यांचे आकारही बदलले. हे पटवण्याचे काम मात्र एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपवत नेले, आणि माझ्या मते तीच या संस्थेची खरी मिळकत आहे.

पहिले दशक : १९९४ ते २००३

संस्थेचे मूळ शोधायचे तर ऑस्ट्रेलियात जावे लागते. १९९० साली मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'सनरनर' नावाची सौर मोटार बांधली. अमेरिकेतील सौर मोटारींची शर्यत तिने जिंकली आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापासून दक्षिणेपर्यंतच्या सुमारे तीन हजार किलोमीटरच्या जागतिक शर्यतीत ती तिसरी आली. या चमूत बंगळूरचे चेतन मैनी होते. पुढे स्टॅनफर्डला उच्च शिक्षण घेऊन ते कॅलिफोर्नियातील अमेरिगॉन या कंपनीत विजेच्या वाहनांवर काम करू लागले. धूर न सोडणाऱ्या गाड्या विकण्याचे बंधन घालणारा नियम कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये केला होता, त्यामुळे तिथे या विषयाला त्या काळी मोठी चालना मिळाली होती.

इकडे बंगळूरमध्ये चेतन यांचे वडील सुदर्शन मैनी यांनी १९७३ मध्ये उभारलेला मैनी उद्योगसमूह यंत्रांचे अचूक सुटे भाग बनवत होता. कारखान्यांच्या आवारात माल वाहणाऱ्या बॅटरीच्या गाड्याही हा समूह तयार करत असे. बॅटरी, मोटर आणि चाक यांची सांगड घालणारे हात घरातच होते. १९९४ मध्ये मैनी समूह आणि अमेरिगॉन यांच्या भागीदारीतून रेवा इलेक्ट्रिक कार कंपनी स्थापन झाली. गाडीला नाव दिले ते चेतन यांच्या आईचे. मराठी माणसाला रेवा म्हटले की नर्मदा आठवते, त्यामुळे आपल्याकडेही ते नाव परके वाटले नाही.

कंपनीची स्थापना आणि विक्रीचा पहिला दिवस यांत सात वर्षे गेली. तो काळ फार अनुकूल नव्हता. त्याआधी १९९३ मध्ये केरळात बनलेली 'लव्हबर्ड' ही विजेची दोन आसनी गाडी बाजारात टिकू शकली नव्हती. वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता, सरकारी सवलती नगण्य होत्या आणि मध्यमवर्गाच्या मनात गाडी म्हणजे मारुती ८०० हे समीकरण पक्के होते. अशा वेळी अभियंते, साचे बनवणारे कारागीर, सुट्या भागांचे पुरवठादार आणि हिशेब सांभाळणारी माणसे या सर्वांनी सात वर्षे धीर धरला, म्हणून पुढचे सगळे घडले.

जी गाडी तयार झाली तिची लांबी जेमतेम २.६ मीटर होती. पुढे दोन मोठी माणसे, मागे दोन मुले. सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या, एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटरचा पल्ला आणि ताशी ६५ किलोमीटरचा कमाल वेग. बाहेरचे अंग पत्र्याचे नव्हते. एबीएस प्लॅस्टिकच्या तक्त्यांमध्येच रंग मिसळलेला असे, त्यामुळे बारीकसारीक धडकेने पोचा पडत नसे.

या आकड्यांना संस्थेने प्रचारात कसे वापरले, हे नीट पाहण्यासारखे आहे. ८० किलोमीटर हा आकडा लपवण्याचा मोह कुणालाही झाला असता. संस्थेने तो उघड सांगितला आणि त्याला शहराच्या दिनक्रमाशी जोडले. घरून कचेरी, कचेरीतून मुलांची शाळा, वाटेत बाजार, पुन्हा घर. बंगळूरमध्ये इतके करूनही बॅटरीत पुरेशी वीज उरते, हे ग्राहकाला स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहता येत होते. रेवा ही लांबच्या प्रवासाची गाडी आहे असा दावा कधी केला गेला नाही. घरातली दुसरी गाडी, शहरातली गाडी ही तिची जागा पहिल्या दिवसापासून ठरवलेली होती.

दुसरा मुद्दा घरच्या वीजजोडणीचा. गिझरला लागतो तसा १५ अँपिअरचा सॉकेट पुरे. अडीच तासांत ८० टक्के आणि पूर्ण चार्जिंगला सुमारे नऊ युनिट वीज. त्यावरून किलोमीटरला ४० पैसे हा खर्च निघत असे. बाहेर चार्जिंगची कुठेच सोय नसलेल्या देशात ग्राहकाला स्वतःच्या घरातला पंप दाखवून देणे ही फार शहाणी चाल होती. तिसरा मुद्दा चालवण्याच्या सोपेपणाचा. क्लच नाही, गिअर नाही. नव्याने गाडी शिकणाऱ्या स्त्रिया आणि उतारवयातील माणसे यांना ही गोष्ट छापील जाहिरातीपेक्षा चाकामागे बसल्यावरच उमगे. मोठ्या मोटार कंपन्यांच्या जाहिरातींशी बरोबरी करणे छोट्या संस्थेला शक्य नव्हतेच. त्यामुळे माणसाला गाडीत बसवणे आणि शांतपणे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणे, हेच मुख्य साधन ठरले. पावसात साचलेल्या पाण्यातून गेलो तर शॉक बसेल का, वाटेत वीज संपली तर काय, बॅटरी किती वर्षांनी बदलायची, तिला किती पैसे लागतील. विक्री आणि दुरुस्ती विभागातील ज्या सहकाऱ्यांनी ही उत्तरे शेकडो वेळा न कंटाळता दिली, त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत. या इतिहासात त्यांचे स्थान संस्थापकांच्या शेजारी आहे.

विक्रीचे आकडे लहान राहिले. मारुती ८०० च्या आसपासच्या किमतीत लहान गाडी आणि कमी पल्ला ग्राहकाला पटणे अवघड होते, हे मान्य केले पाहिजे.

दुसरे दशक : २००४ ते २०१३

रेवाला पहिली मोठी ओळख मिळाली ती लंडनमध्ये, आणि तीही दुसऱ्याच नावाने. १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्य लंडनमध्ये गाडी नेणाऱ्यावर दिवसाला पाच पौंडांचा गर्दी-कर लागू झाला. २००५ मध्ये तो आठ पौंड झाला. विजेच्या गाड्यांना हा कर माफ होता, आणि लंडनच्या काही भागांत पार्किंगलाही त्यांना सवलत मिळे. गोइंगग्रीन या लंडनमधील कंपनीने हे हेरले आणि २००४ पासून रेवा तिथे 'जी-विझ' या नावाने विकायला सुरुवात केली. तिच्यासाठी झगमगीत शोरूम नव्हते. इंटरनेटवरून चौकशी, मग चालवून पाहणे आणि थेट खरेदी अशी पद्धत होती. आज विजेच्या गाड्यांच्या बाजारात ही थेट विक्री नवलाची राहिलेली नाही, तेव्हा मात्र ती फारच वेगळी होती.

लंडनमधला प्रचार साधा आणि अचूक होता. रोज कामावर जाणाऱ्या माणसाने वर्षभरातला गर्दी-कर, पार्किंग आणि पेट्रोल यांची बेरीज करावी, एवढेच त्याला सांगायचे. बंगळूरमध्ये किलोमीटरला ४० पैसे हे जे काम करत होते, तेच काम लंडनमध्ये आठ पौंडांनी केले. शिवाय ही गाडी इतकी निराळी दिसे की रस्त्यावरची प्रत्येक जी-विझ स्वतःच जाहिरात होऊन फिरत असे. काही वर्षांत लंडनमध्ये ती नऊशेहून अधिक खपली आणि एक काळ असा आला की जगात विजेच्या गाड्या सर्वाधिक दिसणाऱ्या शहरांत लंडनचे नाव घेतले जाऊ लागले, ते बंगळूरच्या गाडीमुळे. भारतीय बनावटीच्या मोटारीला परदेशात हा मान मिळाला, याचा अभिमान कारखान्यातल्या प्रत्येकाला वाटला असेल यात शंका नाही.

या यशाबरोबर परीक्षाही आली. युरोपच्या नियमांनुसार जी-विझ चारचाकी हलक्या वाहनांच्या वर्गात मोडत असे, त्या वर्गाला मोटारींसारखी टकरीची चाचणी सक्तीची नव्हती. २००७ मध्ये एका ब्रिटिश मोटार-नियतकालिकाने स्वतः चाचणी घेऊन गाडीच्या सुरक्षिततेवर कडक टीका केली आणि ती जगभर पोहोचली. अशा वेळी जाहिरातीने टीका झाकता येत नाही. संस्थेने उत्तर दिले ते कारखान्यातून. २००८ मध्ये अधिक मजबूत सांगाडा आणि एसी मोटर असलेली 'रेवा-आय' आली आणि २००९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीची आवृत्ती. तिचा पल्ला सुमारे १२० किलोमीटरपर्यंत गेला. ग्राहकाचा विश्वास डळमळतो तेव्हा पहिले उत्तर अभियंत्यांनी द्यायचे आणि प्रचार विभागाने त्यामागून यायचे, ही शिस्त संस्थेने त्या वर्षांत स्वतःला लावून घेतली.

डिसेंबर २००६ मध्ये ड्रेपर फिशर जर्वेटसन आणि ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फंड यांनी मिळून दोन कोटी डॉलरची गुंतवणूक केली, त्यामुळे पुढच्या गाड्यांचा विचार शक्य झाला. सप्टेंबर २००९ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात संस्थेने 'एनएक्सआर' आणि 'एनएक्सजी' ही दोन रूपे दाखवली. एनएक्सजीचा आराखडा दिलीप छाब्रिया यांचा होता.

त्याच प्रदर्शनात जाहीर झालेल्या 'रिव्हाइव्ह' या सोयीबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे. विजेच्या गाडीच्या ग्राहकाची सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे रस्त्यात बॅटरी संपणे. रिव्हाइव्हमध्ये बॅटरीतली थोडी वीज राखून ठेवलेली असे. गाडी थांबली की मालकाने कंपनीला फोन किंवा एसएमएस करायचा. मग कंपनीचे केंद्र दुरून ती राखीव वीज मोकळी करी आणि गाडी जवळच्या चार्जिंगपर्यंत पोहोचे. पेट्रोल गाडीतल्या 'रिझर्व्ह'ची सवय असलेल्या भारतीय चालकाला हे समजावण्याची गरजच नव्हती. तंत्रज्ञान आणि संवाद एकाच वस्तूत इतक्या नेमकेपणाने मिसळल्याचे उदाहरण भारतीय मोटार उद्योगात क्वचितच सापडेल. ग्राहकाची भीती त्याच्याच शब्दांत ऐकून घेतल्याशिवाय असे काही सुचत नाही.

२६ मे २०१० रोजी महिंद्रा अँड महिंद्राने संस्थेचे ५५.२ टक्के भाग घेतले आणि 'महिंद्रा रेवा' हे नवे नाव आले. छोट्या संस्थेला मोठ्या घराचा आधार मिळाला. विक्रेत्यांचे जाळे, कर्जाची सोय आणि गावोगावी ओळखीचे नाव हे सारे त्याबरोबर आले. ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळूरजवळ बोम्मसंद्र येथे वर्षाला ३० हजार गाड्यांची क्षमता असलेला कारखाना सुरू झाला. हरित इमारतींसाठीचा प्लॅटिनम दर्जा त्याला मिळाला. गाडी स्वच्छ असेल तर ती जिथे बनते ती जागाही तशीच असावी, हा आग्रह त्यामागे होता.

१८ मार्च २०१३ रोजी दिल्लीत 'ई-टू-ओ' बाजारात आली. एका चार्जिंगमध्ये १०० किलोमीटर, मोबाइलवरून गाडी कुलूपबंद करण्याची आणि एसी आधीच सुरू करण्याची सोय, आणि सोबत रिव्हाइव्ह. दिल्ली सरकारच्या सवलतीनंतर तिथे किंमत ५ लाख ९६ हजार रुपये होती, मुंबई-पुण्यासारख्या इतर शहरांत ती अधिक पडे. केंद्राची आधीची सवलत मार्च २०१२ मध्ये संपली होती आणि नवी अजून आली नव्हती. गाडी नेमकी त्या मोकळ्या जागेत अवतरली. स्वच्छ, सोयीची, जोडलेली, हुशार आणि किफायतशीर अशा पाच गुणांभोवती संस्थेने तिचा प्रचार बांधला. गुण खरे होते. तरीही सहा लाखांत चार दारांची पेट्रोल गाडी मिळत असताना दोन दारांच्या गाडीसाठी एवढे पैसे का मोजायचे, हा प्रश्न पाच विशेषणांनी सुटण्यासारखा नव्हता, असे मला वाटते.

त्याचे अधिक नेमके उत्तर काही महिन्यांतच 'गुडबाय फ्युएल, हॅलो इलेक्ट्रिक' या योजनेने दिले. गाडी ४ लाख ९९ हजारांना घ्यायची आणि बॅटरीपोटी दरमहा २,५९९ रुपये भरायचे. पेट्रोलवर दरमहा साधारण तेवढे पैसे जातच असतात, मग ते बॅटरीकडे वळवा, असा तो हिशेब होता. विजेच्या गाडीची बहुतेक महागाई बॅटरीत असते, हे सर्वसामान्य ग्राहकाला इतक्या सोप्या रीतीने आधी कुणी सांगितले नव्हते. बॅटरी वेगळी भाड्याने देण्याच्या योजना भारतात पुढे अनेकांनी आणल्या. त्यांची वाट इथून सुरू होते.

तिसरे दशक : २०१४ ते २०२३

या दशकात संस्थेच्या नावाभोवतीचे वातावरण पालटले. २०१४ मध्ये विजेच्या मोटारींची फॉर्म्युला-ई शर्यत सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा संघांत महिंद्राचा संघ होता. जून २०१७ मध्ये बर्लिनला फेलिक्स रोसेनक्विस्टने संघाला पहिला विजय मिळवून दिला. विजेची गाडी संथ असते, या जुन्या समजाला शर्यतीच्या मैदानावर मिळालेले हे उत्तर होते. एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारची फेम योजना आली आणि सवलतींना थोडे स्थैर्य मिळाले.

२०१५ मध्ये चेतन मैनी नव्या कार्याकडे वळले. २०१६ मध्ये संस्थेचे नाव 'महिंद्रा इलेक्ट्रिक' झाले आणि रेवा हे नाव पाटीवरून उतरले. ज्यांनी त्या नावाखाली उमेदीची वर्षे घालवली त्यांना हा क्षण जड गेला असेल. तरी गाडी एका छोट्या वेगळ्या कंपनीची न वाटता देशभर सेवाकेंद्रे असलेल्या घराची वाटावी, ही त्या वेळची खरी गरज होती. त्याच वर्षी ई-व्हेरिटो आणि चार दारांची ई-टू-ओ प्लस आली. २०१७ मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी दहा हजार विजेच्या गाड्या घेण्याची निविदा निघाली, तिच्या पहिल्या टप्प्यातील पाचशेपैकी दीडशे गाड्या संस्थेच्या वाट्याला आल्या.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेली 'ट्रिओ' ही लिथियम-आयन बॅटरीची तीनचाकी मात्र खऱ्या अर्थाने खपली. मोटारीसाठी वर्षानुवर्षे मांडलेला किलोमीटरचा हिशेब इथे रिक्षाचालकाच्या रोजच्या कमाईला जाऊन भिडला. इंधनावर किती वाचले हे त्याला संध्याकाळी गल्ल्यात दिसत होते. बॅटरीत पाणी ओतायचे नाही, दर वर्षा-दीड वर्षाने ती बदलायची नाही, हे मुद्दे त्याला त्याच्या भाषेत सांगितले गेले. एका चालकाने दुसऱ्याला स्टँडवर दिलेली ग्वाही कुठल्याही फलकापेक्षा मोलाची ठरली.

मोटारींच्या बाजूला या दशकाच्या उत्तरार्धात मोठा खंड पडला. टकरीच्या सुरक्षिततेचे नवे नियम आले, ई-टू-ओ प्लस थांबली, आणि जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीने घरगुती ग्राहकांचा बाजार मोठा केला. महिंद्राची एक्सयूव्ही ४०० जानेवारी २०२३ मध्ये आली. याच सुमारास संस्था महिंद्रा अँड महिंद्रामध्ये विलीन झाली आणि मोटारींसाठी महिंद्रा इलेक्ट्रिक ऑटोमोबाइल ही नवी कंपनी उभी राहिली. ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंटने तिच्यात १,९२५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक करण्याचे ठरवले. १५ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये पाच गाड्यांची रूपे दाखवण्यात आली आणि त्यांची विभागणी दोन नावांखाली झाली. एक ओळखीच्या एक्सयूव्हीच्या घरातली, दुसरी 'बीई' ही पूर्णपणे नवी. जुन्या ग्राहकाला ओळखीचा धागा आणि तरुणाला नवा चेहरा, असा हा विचार होता.

सध्याचे कार्य

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी चेन्नईत बीई ६ई आणि एक्सईव्ही ९ई सादर झाल्या. एका विमान कंपनीने '६ई'वर आक्षेप घेतल्यावर संस्थेने पहिल्या गाडीचे नाव 'बीई ६' केले. हा विषय आठवडाभर बातम्यांत राहिला, पण गाडीवरचे लोकांचे लक्ष हलले नाही. गाड्यांचे आवाज ए. आर. रहमान यांनी रचले आहेत. बीई ६ च्या मोठ्या बॅटरीचा प्रमाणित पल्ला ६८२ किलोमीटर आहे. पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आजीवन हमी दिली जाते. बॅटरी किती वर्षे टिकेल, हा २००१ मध्ये विक्रेत्याला विचारला जाणारा प्रश्न त्या हमीने पुष्कळसा मिटवला आहे.

या गाड्या पुण्याजवळ चाकणला बनतात. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी नोंदणी उघडली तेव्हा पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्यांची मागणी आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बॅटमॅनच्या रूपातली बीई ६ ची खास आवृत्ती निघाली. मुळात तीनशे गाड्या काढायच्या ठरल्या होत्या, मागणी पाहून ९९९ करण्यात आल्या, आणि त्या १३५ सेकंदांत संपल्या. जी-विझला लंडनमध्ये तेवढ्याच गाड्या खपवायला वर्षे लागली होती. बीई ६ च्या प्रचारात किलोमीटरचा खर्च फारसा दिसत नाही. तिथे रंग, आवाज आणि वेग बोलतात. हे करता येते, कारण खर्चाचा आणि पल्ल्याचा हिशेब आधीच्या वीस-बावीस वर्षांत कुणीतरी घरोघरी जाऊन समजावून ठेवला आहे.

आज विक्री दालनातील सहकारी ग्राहकाच्या पार्किंगमध्ये चार्जर कुठे बसेल, सोसायटीची परवानगी कशी मिळवायची, वीजभार वाढवून घ्यावा लागेल का, हे विचारून मगच रंगाकडे वळतात. तीनचाकींचे काम महिंद्रा लास्ट माइल मोबिलिटी या स्वतंत्र कंपनीकडे आहे आणि चालकांच्या स्टँडवरचा तो जुना संवाद तिथे रोज चालू आहे. बंगळूरच्या पहिल्या कारखान्यात घडलेले काही हात आता निवृत्तीला आले आहेत. त्यांच्या आठवणी, जुनी माहितीपत्रके, रेवाच्या काळातील ग्राहकांची पत्रे आणि सेवाकेंद्रांच्या नोंदी एकत्र करून जपण्याचे काम रौप्यमहोत्सवी वर्षात हाती घ्यावे आणि त्यासाठी जुन्या ग्राहकांनाही हाक द्यावी, अशी विनंती मी या लेखाद्वारे संस्थेला करतो.